सरोवराचा चातुर्मास

तीर्थाला जाणं हे पुण्य, हे आपल्यात इतकं मुरलं आहे की न जाण्यातही काही धर्म असू शकेल, असं सहसा मनात येत नाही. लडाखच्या चांगथांग पठारावरचं त्सो मोरिरी सरोवर हा विचार करायला भाग पाडतं. समुद्रसपाटीपासून साडेचार हजार मीटरांवरचं हे पाणी खारवट. त्याला बाहेर पडायला वाट नाही. काठावर कोरझोक गाव आणि द्रुक्पा परंपरेचा गोम्पा. २००२ मध्ये ते रामसर पाणथळींच्या यादीत आलं; तिथल्या बौद्धांसाठी त्याच्या कितीतरी आधीपासून ते पवित्र. उन्हाळ्यात रस्ता मोकळा झाला की दोन प्रकारचे यात्रेकरू तिथे पोचतात. एकाच्या हातात माळ, दुसऱ्याच्या गळ्यात दुर्बीण. दोघांच्या श्रद्धेत मला फारसा फरक दिसत नाही. खडतर वाट तुडवत, धापा टाकत, आपल्याहून मोठ्या अशा कशासमोर तरी उभं राहायला दोघेही आलेले असतात. म्हणून प्रश्नही दोघांना एकच: आपलं जाणं तिथल्या जिवांच्या जिवावर येत असेल, तर त्याला यात्रा म्हणावं का?

जिवावर कसं येतं, ते जवळून पाहायला हवं. हिवाळ्यात उजनीच्या फुगवट्यावर, भिगवणच्या बाजूला, जे पट्टकादंब हंस उतरतात, पांढऱ्या डोक्यावर मागे दोन काळे पट्टे असलेले, त्यांच्या जातीची वीण तिबेट, मंगोलिया आणि चांगथांगमधल्या सरोवरांवर होते. मादी जमिनीवरच, खोलगट जागी, स्वतःच्या छातीची मऊ पिसं अंथरते आणि जवळजवळ महिनाभर अंडी उबवते. चरायला उठताना त्याच पिसांनी ती अंडी झाकून जाते. माणूस अचानक जवळ आला तर झाकायला सवड मिळत नाही. उघडी अंडी गारठतात, नाहीतर डोमकावळा ती पळवतो. पुढे पिल्लं लहान असतानाच मोठ्यांची उड्डाणपिसं एकदम गळतात आणि हिमालय ओलांडणारा हा पक्षी काही आठवडे उडूच शकत नाही. सुटकेची एकच वाट उरते, पाण्याची. आणि नेमकी पाण्याच्या कडेलाच फोटोसाठी गाडी उभी केलेली असते. मे ते ऑगस्ट हा त्यांच्या विणीचा काळ. टूरवाल्यांचा हंगामही तोच.

यावर पहिला आक्षेप हेतूचा. मुद्दाम अंडी फोडायला कुणी जात नाही. आणि बौद्ध विचारात तर चेतना, म्हणजे हेतू, हेच कर्म. मग दोष कसला? उत्तर त्याच परंपरेत आहे. विनयपिटकातल्या महावग्गात वर्षावासाच्या नियमाची कथा येते. भिक्षू पावसाळ्यातही फिरत राहिले आणि त्यांच्या पायांखाली हिरवं गवत, बारीकसारीक जीव चिरडू लागले, तेव्हा लोकांनी तक्रार केली. पाखरंसुद्धा या दिवसांत झाडाच्या शेंड्यावर घरटं करून एका जागी राहतात, मग या शाक्यपुत्रांना काय झालं, असा तिचा रोख होता. भिक्षूंच्या मनात पाप नाही, एवढं सांगून बुद्धांना ती उडवून लावता आली असती. त्यांनी ती मानली आणि थांबण्याचा नियम घालून दिला. जैन साधूंचा चातुर्मास याच जाणिवेवर उभा आहे. मला यातली विशेष गोष्ट वाटते ती ही, की फिरणं ही भिक्षूची चैन नव्हती. ते त्याचं व्रतच होतं. तरीही ऋतू पाहून ते थांबवावं लागलं. अजाणता झालं ते एक वेळ माफ. कळल्यावर त्याच वाटेने गेलं की हेतू त्यात शिरतोच.

दुसरा आक्षेप जास्त अवघड, कारण तो दयेच्या बाजूने येतो. काळ्या मानेचा क्रौंच भारतात फक्त लडाखमध्ये वीण करतो. जोडीची अंडी बहुधा दोन, कधी एकच. दलदलीतल्या या घरट्यांना मोठा धोका आहे तो भटक्या कुत्र्यांचा. ही कुत्री पोसली जातात छावण्यांच्या आणि तंबूंच्या मागे पडलेल्या उष्ट्यावर, शिवाय प्रवाशांनी कनवाळूपणे टाकलेल्या बिस्किटांवर. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव ज्यांना लहानपणीच भेटतात, त्या आपल्याला कुत्र्याला घास देण्यात वावगं दिसणार कसं? पण नामदेवांना त्या कुत्र्यात विठ्ठल दिसला तो कुत्रं समोर होतं म्हणून नव्हे. तो सगळीकडेच आहे म्हणून. मग दूर चिखलात, आईच्या पायांशी दडलेल्या तांबूस पिल्लातही तो असणारच. शेपूट हलवत येणाऱ्यावर दया करणं सोपं आहे. आपल्याला पाहून जो पळ काढतो, त्याच्यावर दया करायची तर लांबच राहावं लागतं. कुत्र्यांना उपाशी मारा, असं यातून मुळीच निघत नाही. उष्टं झाकून ठेवणं, निर्बीजीकरण करणं ही कामं करावीच लागतील. ती बिस्कीट टाकण्याइतकी गोड नाहीत एवढंच.

पण यात्रा म्हणजे जाणंच ना, घरबसल्या कसली यात्रा, असंही कुणी म्हणेल. त्याने प्रदक्षिणेकडे बघावं. कैलासाचा यात्रेकरू शिखरावर चढत नाही, भोवती फिरतो. आपल्याकडे देवराईतली वाळकी काटकीही उचलायची नाही, असा दंडक कितीतरी गावांनी पाळला. अंतर राखल्याने भक्ती उणी होत नाही; ते अंतर भक्तीनेच आखलेलं असतं. पाहिल्याशिवाय जीव लागत नाही, आणि जीव लागल्याशिवाय पाणथळ वाचवायला कुणी धावत नाही, हे मात्र मला मान्य आहे. तरी कुठे आणि कधी पाहायचं, ते आपल्या हातात असतं. मराठी माणसाला हा हंस सोलापूरच्या वाटेवर भेटतो. तिथे त्याला अंडी राखायची नसतात, पंख शाबूत असतात, आपला त्रास झाला तर उडून जाता येतं. (म्हणून होडी त्याच्या अंगावर घालावी असं नाही, पण हेही सांगावं लागतं.)

सर्वांत वजनदार आक्षेप खुद्द कोरझोकच्या लोकांचा असू शकतो. बर्फामुळे त्यांचा हंगाम मुळातच तोकडा. पश्मिन्याच्या शेळ्यांना जोड म्हणून होमस्टेचा पैसा. नेमक्या त्याच महिन्यांत पाहुण्यांनी काठाशी फिरकू नये म्हणणं म्हणजे आपलं पुण्य त्यांच्या खिशातून करणं. इथेही वर्षावासाकडूनच शिकता येतं. तो भिक्षूच्या एकट्याच्या निग्रहावर चालत नसे. भिक्षू थांबला की गृहस्थ त्याला अन्न पुरवत आणि शेवटी चीवरासाठी कापड देत. थांबण्याचा खर्च समाज उचलत होता, म्हणून नियम टिकला. त्सो मोरिरीलाही विणीच्या दिवसांत पाहुण्यांनी मुक्काम गावातच करावा, गावातलाच वाटाड्या घ्यावा, बेटांच्या आणि दलदलीच्या जवळ जाऊ नये. काठाने फिरायचंच असेल तर पिल्लं उडू लागल्यावर, सप्टेंबरात यावं. काठ बंद ठेवल्याने गावाचं जे बुडेल ते येणाऱ्यांच्या शुल्कातून भरून द्यावं. शुल्क किती, ते गोळा कुणी करायचं, शेळ्यांच्या चराईला कुठवर मोकळीक, हे ठरवण्याचा पहिला अधिकार गावकऱ्यांचा. टूर संपवून आपण परतल्यावर पुढचा हिवाळा तिथे काढणारे तेच असतात.