आवाज आणि तोल

कठोपनिषदाने इंद्रियांना घोडे आणि बुद्धीला सारथी म्हटले आहे. सारथ्याला आपले घोडे ओळखीचे असतात, हे त्या रूपकात गृहीत आहे. परंतु ज्याची चाहूलही लागत नाही असा एखादा घोडा रथाला जुंपलेला असेल, तर सारथ्याची जबाबदारी कोणती? अंतर्कर्णाविषयी जे संशोधन झाले आहे, त्यामुळे हा प्रश्न आम्हांस विचारार्ह वाटतो.

अंतर्कर्णात दोन कामे चालतात. शंखासारखी वेटोळी असलेला कर्णावर्त ऐकण्याचे काम करतो. त्याला लागूनच तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि दोन इवल्या पिशव्या असतात. शरीराचा तोल सांभाळण्यास त्या साहाय्य करतात. पिशव्यांत कॅल्शियम कार्बोनेटचे सूक्ष्म कण असतात. डोके कलले किंवा शरीर हलले, की या कणांचा भार सरकतो आणि मेंदूला वर्दी मिळते. यांतील लहान पिशवीला ‘सॅक्युल’ म्हणतात. माशांना कर्णावर्त नसतो. त्यांच्या अनेक जातींत हीच पिशवी ऐकण्याचे मुख्य इंद्रिय आहे. सस्तन प्राण्यांत ते काम कर्णावर्ताकडे गेले, तरी पिशवीने आवाजाशी असलेले नाते पुरते तोडले नाही. १९७७ साली स्क्विरल जातीच्या माकडांवर आणि १९९४ साली मांजरांवर झालेल्या प्रयोगांत, मोठ्या आवाजाने तोलाच्या मज्जातंतूंत संदेश उमटतात, असे आढळले.

मनुष्यही याला अपवाद नाही. १९९०च्या दशकात सिडनीतील कोलबॅच आणि हाल्मागी यांनी दाखविले, की कानात मोठा टक्‌ असा आवाज केला, तर सुमारे तेरा सहस्रांश सेकंदात मानेच्या ताणलेल्या स्नायूत प्रतिक्रिया उमटते. ज्याला ऐकू येत नाही, पण ज्याचे तोलाचे इंद्रिय शाबूत आहे, अशा माणसातही ती दिसते. २००० साली इंग्लंडमधील नील टॉड यांनी पुढचा तर्क मांडला: सुमारे ९० डेसिबलच्या वरच्या नृत्यसंगीतात जे सुख वाटते, त्यात या पिशवीचा वाटा असावा. झोक्यावर मिळणारा आनंद आणि हा आनंद एकाच घरचे असावेत, असा त्याचा अर्थ.

येथे नीतीचा प्रश्न उभा राहतो. बोललेला शब्द आपण ऐकतो, तोलतो, आणि मग स्वीकारतो किंवा नाकारतो. प्रचंड नादाच्या बाबतीत मात्र विचाराआधीच मान प्रतिसाद देऊन मोकळी झालेली असते. अशा वेळी अंगावर जे रोमांच येतात, त्यांना आपण भक्ती म्हणावे काय? तोच ढोल आरतीत वाजतो, रणांगणावर वाजला, आणि प्रचारसभेतही वाजतो. अंग भारावले ही साक्ष तोलेंद्रियाची. ती विवेकाची संमती नव्हे.

यावर कोणी म्हणेल, की सामूहिक उत्सवाला असे एकत्र डोलणे लागतेच. हे आम्हांस मान्य आहे. बेळगावची विसर्जन मिरवणूक किंवा इंदूरच्या अनंत चतुर्दशीच्या झांक्या नादावाचून कल्पिता येत नाहीत. शरीराच्या आनंदात कमीपणा मानण्याचेही कारण नाही. परंतु आपण होऊन ढोलापुढे उभा राहणारा आणि ध्वनिक्षेपकांच्या भिंतीसमोर वडिलांच्या खांद्यावर बसलेले मूल, यांत भेद आहे. पहिल्याने आपला तोल स्वेच्छेने नादाच्या स्वाधीन केला. दुसऱ्याचा कोणी न विचारताच हाती घेतला. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रहिवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. त्यांचा रोख भोवतालच्या वस्तीवर आहे. मिरवणुकीतल्या मुलाची काळजी आयोजकांना आणि वडीलधाऱ्यांनाच वाहावी लागेल.

न दिसणाऱ्या घोड्याला लगाम घालता येत नसेल. पण तो आहे हे जाणून रथ कोठे न्यावा, हे सारथी ठरवू शकतो. आपली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या परप्रांतात हे उत्सव सांभाळत आली. पुढील पिढीस ते सोपविताना, आवाजाने आलेले भान आणि श्रद्धेने आलेले भान यांतील फरक सांगणे, हेही त्या सांभाळण्यातच मोडते असे आम्ही मानतो.