मुलांना खरे सांगावे का?



आमच्या घरी कॅन्सर आला तेव्हा लेक ६ वर्षांची होती. दर ३ आठवड्यांनी आई पहाटेची लोकल धरून केमोथेरपीसाठी मुंबईला जायची आणि आम्ही लेकीला सांगायचो, "आई मावशीकडे गेलीय." हेतू चांगलाच होता. तिचे बालपण कोमेजू नये, एवढेच वाटे.

पुढे आईचे केस गळू लागले. तेव्हा लेक आजीला हळूच म्हणाली, "मी उलट बोलले म्हणून आईचे केस गेले का ग?"

आम्ही हादरलो. आपण गप्प राहिलो तरी मुलांना सारे दिसते. बंद दार, दबके आवाज, पाहुण्यांचे भरून आलेले डोळे! कारण कळले नाही की ती स्वतःच कारण शोधतात आणि या वयात पुष्कळदा स्वतःलाच दोषी धरतात. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीही 'पाप कुणाचे?' असेच विचारले होते. प्रभू येशूने तो हिशेबच नाकारला. आपण मोठी माणसे मात्र तो अजून मांडतो.

मग मुलांना सगळेच सांगावे का? नाही. खरे सांगणे वेगळे आणि सगळे सांगणे वेगळे. रिपोर्टमधले आकडे, पैशांची ओढाताण हे मुलांचे ओझे नव्हे. आम्ही एवढेच सांगितले: या आजाराचे नाव कॅन्सर. तो तुझ्यामुळे झाला नाही. आईला मिठी मारल्याने तो तुला होणार नाही. आई दवाखान्यात असेल त्या दिवशी तुला शाळेत आजी सोडेल.

लेकीने विचारले, "आई मरणार का?" 'नाही' हा शब्द ओठांवर आला होता. पण तो आमच्या हातातला नव्हता. आम्ही म्हणालो, "आई बरी व्हावी म्हणून डॉक्टर खूप प्रयत्न करताहेत. काही बदलले तर तुला आम्हीच सांगू." आयुष्याचे वचन आईबाप देऊ शकत नाहीत, खरे बोलण्याचे देऊ शकतात. त्या रात्री लेक आईच्या कुशीत शांत झोपली. आम्हीच जागे होतो.

खोटे बोलू नये, हे आपण मुलांना शिकवतो. आपल्या वाडीत कुणी आजारी असेल, तर त्या घरच्या मुलांना "काही झाले नाही" असे सांगू नका आणि आईबापांच्या आधी बातमीही सांगू नका. त्यांना जेवायला बोलवा, आपल्या मुलांबरोबर खेळू द्या. मुलांनी काही विचारले, तर "चल, आईला विचारू" म्हणून त्यांचा हात धरा.