आरोप नसलेल्या मुलाचा गुन्हा कोणता?

माणसाला पकडून ठेवायचे असेल तर त्याने काय केले ते आधी सांगितले पाहिजे. हे समजायला कायद्याचे पुस्तक लागत नाही. वर्गात कुणाचे पेन हरवले तर शिक्षकसुद्धा कोणत्याही एका मुलाला उठवून कोपऱ्यात उभे करू शकत नाही. आधी विचारावे लागते, कुणी पाहिले ते पाहावे लागते, आणि ज्याच्याकडे बोट दाखवले गेले त्याला बोलू द्यावे लागते. परंतु आपल्या देशात एका विशिष्ट प्रकारच्या मुलांच्या बाबतीत हा साधा नियम चालत नाही. पोलीस येतात, बाप घरी सापडत नाही, म्हणून मुलाला घेऊन जातात. कागदावर काही लिहिलेले नसते. ‘चौकशीसाठी आणला आहे’ एवढे शब्द पुरे होतात.

अशा प्रसंगी आपली चर्चा बहुधा मारहाणीभोवती फिरते. लेकराला मारले असेल तर ते वाईटच, याबद्दल दुमत नाही. निदान उघडपणे तरी कुणी त्याचे समर्थन करीत नाही. म्हणून मी प्रश्न वेगळ्या रीतीने मांडतो. समजा, त्या मुलाला एक चापटसुद्धा मारली नाही. त्याला चहा दिला, निजायला चादर दिली, आणि तीन दिवसांनी सोडून दिले. तरीही अन्याय झाला की नाही? आणि झाला असेल, तर नेमका कोणता?

मी वर्धा जिल्ह्यात शिक्षक आहे. या जिल्ह्यात सत्तरच्या दशकापासून दारूबंदी आहे. मोहाच्या दारूसाठी पारधी बेड्यांवर पोलिसांच्या धाडी पडतात. ‘वॉश आउट मोहीम’ अशा मथळ्याखाली सडवा नष्ट केल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत येतात. धाडीनंतर बेड्यावरच्या मुलांच्या नावापुढे हजेरीपटात काय लिहिले जाते, ते मात्र बातमीत येत नाही. सातवीतला एक मुलगा असाच तीन दिवस आला नव्हता. चौथ्या दिवशी आला तेव्हा मी विचारले. तो म्हणाला, “सर, मले काईच इचारलं नाई त्यायनं. बाप येतवरी बस म्हणे.” तो चिडलेला नव्हता, रडतही नव्हता. पाऊस आला म्हणून शाळेत आलो नाही असे सांगावे, तसे त्याने सांगितले.

‘मला काहीच विचारले नाही’ या शब्दांत माझ्या प्रश्नाचे उत्तर आहे. आरोप ही गोष्ट माणसाला ओझे वाटते, पण विचार केला तर ती त्याची ढालही आहे. ‘तू अमुक दिवशी अमुक ठिकाणी अमुक केलेस’ असे कुणी म्हटले की त्याला उत्तर देता येते. मी तेथे नव्हतो, मी केले नाही, केले पण असे केले नाही, असे म्हणता येते. साक्षीदार आणता येतो. आरोप खोटा ठरला तर माणूस निर्दोष ठरतो. ज्याच्यावर आरोपच नाही, त्याने निर्दोष ठरायचे कशातून? तो कशाला नाही म्हणणार? त्याला सोडतात ते त्याची सुटका झाली म्हणून नव्हे, त्याची गरज संपली म्हणून. तो घरी येतो तेव्हा संशय त्याच्याबरोबरच येतो, कारण तो खोडून काढायची संधी त्याला कधी मिळालेलीच नसते.

आरोप कृतीबद्दल असतो. कृती काढून टाकली की उरते ते फक्त माणसाचे असणे. कुणाचा मुलगा, कोणत्या बेड्यावरचा, कोणत्या जातीचा. म्हणजे बिनआरोपाची अटक ही खरे पाहता जन्माचीच अटक आहे. आपल्याला हे ओळखीचे वाटले पाहिजे. जातिव्यवस्थेने आपल्या पूर्वजांना गावकुसाबाहेर ठेवले तेव्हा त्यांनी काय केले होते, हे कधी सांगितले होते काय? विचारणाऱ्याला मागल्या जन्मीच्या पापाचा हवाला देण्यात येई. या जन्मी तपासता न येणारा, कुणी साक्षीदार नसलेला, कधीच खोटा ठरू न शकणारा असा तो आरोप होता. बाबासाहेबांनी पूर्वकर्माच्या या सिद्धांताला इतका कडवा विरोध केला तो याचसाठी. जो आरोप तपासता येत नाही तो आरोपच नव्हे, ती नुसती बेडी असते.

इंग्रज सरकारने या बेडीला कायद्याचे रूप दिले. १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा झाला. तो पुढे १९११ साली देशभर लागू करण्यात आला. या कायद्याने संपूर्ण जमातीच जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. माणसाला सरकारदरबारी हजेरी द्यावी लागे, परवान्याशिवाय हद्द सोडता येत नसे. १८९७ च्या दुरुस्तीने तर चार वर्षांपासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधारवस्तीत ठेवण्याची सोय केली. चार वर्षांच्या पोराने कोणता दरोडा घातला होता? सोलापूरची काटेरी तारांची सेटलमेंट आजही जुन्या माणसांच्या तोंडी आहे. मुंबई राज्यात हा कायदा १९४९ साली गेला आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी संपूर्ण देशातून रद्द झाला. कायदा गेला, पण सवय गेली नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता यांच्या याचिकेवर निकाल देताना, विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होऊ नये याची दक्षता घ्या, असे सर्वोच्च न्यायालयाला पोलिसांना बजावावे लागले. कायदा रद्द होऊन बहात्तर वर्षे झाल्यावर ही ताकीद द्यावी लागते, यावरून सवय किती मुरलेली आहे ते कळते.

आपल्याच विदर्भातली दुसरी घटना पाहा. २६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एक आदिवासी मुलगी गेली होती. वैद्यकीय तपासणीत तिचे वय चौदा ते सोळा ठरले. तिच्यावर कसलाही आरोप नव्हता. तक्रार तिच्या भावाने दिली होती आणि ती तिच्यासंबंधी होती. जबाब झाल्यावर सगळे निघाले, तेव्हा तिला एकटीला थांबवून घेण्यात आले. पुढे काय झाले ते देशाला माहीत आहे. सत्र न्यायालयाने १९७४ साली दोघा पोलिसांना निर्दोष सोडले. १९७६ साली उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्यांना दोषी ठरवले. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडले. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या, तिने आरडाओरड केली नाही, असे कारण त्यात आले. उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या चार कायदेपंडितांनी १९७९ साली सरन्यायाधीशांना उघड पत्र लिहिले, देशभर चळवळ झाली आणि १९८३ साली कायदा बदलला.

या प्रकरणातली एक गोष्ट माझ्या मुद्द्याची आहे. ‘थांब’ या एका शब्दाने ती मुलगी कैदी झाली. त्या शब्दामागे कारण नव्हते, कागद नव्हता. पण तो शब्द गणवेशातल्या माणसाचा होता आणि ती गरीब, लहान, आदिवासी होती. तिने ओरडून प्रतिकार का केला नाही, असे विचारणाऱ्यांनी आधी हे विचारायला हवे होते की तिला थांबवण्याचा अधिकार कुणाचा होता. अत्याचार नंतर झाला. त्याचे दार त्या बिनकारणी ‘थांब’ने आधीच उघडले होते. म्हणूनच मी म्हणतो की मारहाण झाली नाही तरी अन्याय झालेलाच असतो. ज्याला का ठेवले हे सांगावे लागत नाही, त्याचे काय केले हेही सांगावे लागत नाही.

हे दार बंद करण्यासाठीच संविधानात बावीसावे कलम आहे. १५ सप्टेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी घटना समितीत ते मांडले. जीवित आणि स्वातंत्र्याच्या कलमात ‘कायद्याने ठरवलेली कार्यपद्धती’ एवढेच शब्द राहिल्याबद्दल लोकांत नाराजी होती. तिची भरपाई म्हणून हे कलम आणत असल्याचे त्यांनी सांगितले. अटकेचे कारण सांगा, वकील भेटू द्या, चोवीस तासांच्या आत न्यायाधीशापुढे उभे करा. याच कलमात स्थानबद्धतेलाही जागा आहे आणि तिच्यावर त्या सभागृहात कठोर टीका झाली, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण सामान्य माणसासाठी त्या पहिल्या दोन तरतुदी म्हणजे ‘मी काय केले?’ हा प्रश्न सरकारला विचारण्याचा हक्क आहे.

मुलांसाठी कायदा याहून पुढे गेला आहे. मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांच्या याचिकेवर १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने सोळा वर्षांखालील मुलांना तुरुंगात ठेवू नये असे बजावले. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील मुलाला कोणत्याही परिस्थितीत पोलीस कोठडीच्या खोलीत ठेवता येत नाही. आईबापाला कळवावे लागते आणि चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. गुन्हा जामीनपात्र नसला तरी जामीन हाच नियम आहे. प्रत्येक ठाण्यात बाल कल्याण पोलीस अधिकारी असलाच पाहिजे. एवढा चांगला कायदा असताना मूल ठाण्याच्या बाकावर तीन दिवस कसे बसते? कारण हा सगळा कायदा नोंद झाल्यावर सुरू होतो. आणि त्या मुलाची नोंदच नसते. आरोप नाही म्हणून कागद नाही, आणि कागद नाही म्हणून संरक्षणही नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की बाप फरारी असतो, मुलाला आणले की तो हजर होतो, मग गावाच्या भल्यासाठी एवढे चालवून घ्यावे. उपाय लागू पडतो हे खरेही असेल. पण तो लागू पडतो कशामुळे? बापाच्या मनात लेकराबद्दल माया आहे म्हणून. म्हणजे ज्याला आपण जन्माचा गुन्हेगार म्हणतो, त्याच्यातल्या चांगुलपणावरच हा सापळा लावलेला असतो. शिवाय यात मूल हे मूल राहत नाही, ते गहाण ठेवलेली वस्तू होते. सावकार भांडी गहाण ठेवून घेई. सरकारने लेकरू ठेवून घ्यावे काय? आणि गावाच्या भल्यासाठी हे चालत असेल, तर कारखानदार फरारी झाल्यावर त्याचा मुलगा ठाण्यात का बसत नाही? तसे कुणी सुचवले तर सगळे गाव हादरेल. जी युक्ती फक्त दुबळ्यावर चालते तिला न्याय म्हणता येत नाही.

दुसरा आक्षेप गोड भाषेत येतो. मूल वाईट संगतीत आहे, बेड्यावर राहून बिघडेल, आम्ही त्याच्या भल्यासाठीच ठेवले. १८९७ ची दुरुस्तीही सुधारणेच्याच नावाने आली होती. या ठिकाणी तथागतांचे एक उदाहरण मला फार मोलाचे वाटते. लहानग्या राहुलला प्रव्रज्या दिली गेली तेव्हा आजोबा शुद्धोदन व्याकूळ झाले. त्यांनी विनंती केली की आईबापांच्या अनुमतीशिवाय यापुढे कुणाच्या मुलाला प्रव्रज्या देऊ नये. तथागतांनी ती मान्य केली आणि संघासाठी तसा नियम केला. संघात जाणे ही वाईट गोष्ट होती काय? मुळीच नाही. तरीही, कल्याणासाठीसुद्धा मूल परस्पर न्यायचे नाही, असा दंडक त्यांनी घातला. विनयात आणखी एक नियम आहे. भिक्षूवर कारवाई करायची तर ती त्याच्यासमोर, त्याला विचारून आणि त्याचे म्हणणे घेऊन केली पाहिजे. त्याच्या पाठीमागे, न विचारता केलेली कारवाई अधर्माची ठरते. माझा सातवीतला विद्यार्थी विनय शिकलेला नाही, पण ‘मले काईच इचारलं नाई’ असे म्हणताना तो नेमके हेच बोलत होता.

काही वाचक म्हणतील, हा पारध्यांचा प्रश्न आहे, आपला नव्हे. डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाल्यानंतर ज्या वस्त्यांत पोलीस शिरले, त्या वस्त्यांना विचारावे. १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत ज्याचा मृत्यू झाला, तो सोमनाथ सूर्यवंशी वडार समाजातला, कायद्याचा विद्यार्थी होता. गुन्हा नोंदवा, असा आदेश देण्यासाठी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाला ४ जुलै २०२५ उजाडला. कायदा शिकणाऱ्या प्रौढाची ही गत, तर बाकावर बसवलेल्या पोराने कुणाकडे पाहावे?

त्याने निदान शाळेकडे पाहावे, असे मला वाटते. बाल न्याय कायद्यात वय ठरवताना शाळेच्या जन्मतारखेच्या दाखल्याला अग्रस्थान आहे. म्हणजे आमच्या कपाटातले दाखल-खारीज रजिस्टर हा नुसता कागद नाही, तो लेकरू आणि कोठडी यांच्यामधला उंबरठा आहे. आमच्या वडिलांच्या पिढीत निम्म्या गावाची जन्मतारीख १ जून होती. गुरुजी अंदाजाने लिहीत आणि आईबाप मान डोलावीत. आज तसा अंदाज केला तर सतरा वर्षांचा मुलगा कागदावर अठराचा होईल. म्हणून बेड्यावरच्या प्रत्येक मुलाचे नाव शाळेत दाखल झाले पाहिजे, जन्मतारीख खरी लिहिली पाहिजे, आणि मूल एक दिवस आले नाही तर का आले नाही ते त्याच दिवशी विचारले पाहिजे. ठाण्यात असेल तर तेथे जाऊन, ‘याला कशासाठी आणले आणि नोंद कुठे आहे?’ एवढेच विचारावे. शिक्षकाबरोबर गावातल्या विहाराचे दोन उपासक गेले तर फारच चांगले. यासाठी वकिली लागत नाही. या प्रश्नाचे उत्तर कागदावर द्यावे लागेल, किंवा मुलाला घरी पाठवावे लागेल.

आपल्याला पिढ्यान्पिढ्या कुणी विचारले नाही की तुमचा गुन्हा कोणता. आता दुसऱ्याच्या लेकराच्या वतीने तो प्रश्न विचारण्याइतके शिक्षण आपल्यापाशी आहे. ते त्या कामी यावे.