स्वतःचा छापखाना, दुसऱ्यांची मते

छोट्या प्रकाशनातून पुस्तक काढणाऱ्या लेखकाची अडचण दुहेरी असते. नावाजलेल्या प्रकाशकाने पसंतीची मोहोर उठवलेली नसल्यामुळे आपले लेखन छापण्याजोगे आहे की नाही, ही शंका पुस्तक निघाल्यावरही मिटत नाही. शिवाय टीका झाली की ती सरळ त्याच्या अंगावर येते. या स्थितीचा सर्वांत तपशीलवार पुरावा इंग्रजी कादंबरीकार व्हर्जिनिया वुल्फच्या बाबतीत सापडतो. तिची रोजनिशी, तिची पत्रे आणि पती लेनर्ड वुल्फचे आत्मचरित्र समोर ठेवले, तर एका लेखिकेची स्वतःविषयीची शंका जवळपास पुस्तकागणिक वाचता येते.

व्हर्जिनियाची पहिली कादंबरी, 'द व्हॉयेज आउट', १९१३ मध्ये तिचा सावत्र भाऊ जेराल्ड डकवर्थ याच्या प्रकाशनसंस्थेने स्वीकारली. त्याच वर्षी तिचा मानसिक आजार बळावला, तिने आत्महत्येचा प्रयत्न केला आणि पुस्तक १९१५ पर्यंत लांबले. या आजाराची मुळे जुनी होती, त्यामुळे सारा दोष लेखनाच्या ताणावर टाकता येत नाही. पण हस्तलिखित दुसऱ्याच्या हाती सोपवून निकालाची वाट पाहणे तिला किती जड जाई, हे तिच्या नोंदींत वारंवार दिसते. त्यातही हा प्रकाशक असा, की लहानपणी त्याने केलेल्या गैरवर्तनाबद्दल तिने पुढे लिहून ठेवले आहे.

१९१७ मध्ये वुल्फ दांपत्याने एकोणीस पौंडांच्या आसपास किमतीचे हातछपाईचे यंत्र, थोडे खिळे आणि एक माहितीपुस्तिका विकत घेतली. लंडनजवळच्या रिचमंडमधील होगार्थ हाउस या घरात, जेवणाच्या टेबलावर होगार्थ प्रेस हा छापखाना सुरू झाला. लेनर्डचे हात थरथरत असल्यामुळे खिळ्यांची जुळणी व्हर्जिनियाकडे आली आणि यंत्र त्याने सांभाळले. दोघांची एकेक कथा असलेले पहिले पुस्तक जुलैमध्ये निघाले, सुमारे दीडशे प्रतींचे. त्यातली व्हर्जिनियाची कथा, 'द मार्क ऑन द वॉल', भिंतीवरच्या एका डागाभोवती फिरणारी आहे. कुठल्या संपादकाला ती पटवून द्यावी लागली असती, तर कदाचित लिहूनच झाली नसती. छोट्या प्रकाशनाचे खरे देणे हे आहे. चार पानांचा प्रयोग करायला कोणाची परवानगी लागत नाही, आणि तो फसला तरी नुकसान थोडक्यात आटोपते. १९१९ मध्ये 'क्यू गार्डन्स' ही अशीच छोटी कथा छापली. 'टाइम्स लिटररी सप्लिमेंट'मध्ये तिची स्तुती आली आणि दोघे बाहेरगावाहून परतले, तेव्हा दारात मागणीपत्रांचा खच पडला होता.

परवानगीची भीती गेली तरी मतांची भीती राहिली. कॅथरिन मॅन्सफिल्डची 'प्रिल्यूड' ही दीर्घकथा होगार्थ प्रेसने १९१८ मध्ये काढली. तिचे खिळे जुळवण्यात व्हर्जिनियाचे स्वतःचे हात राबले होते. दुसऱ्याच वर्षी मॅन्सफिल्डने 'अथेनियम' या साप्ताहिकात व्हर्जिनियाच्या 'नाइट अँड डे' या डकवर्थकडून आलेल्या कादंबरीवर लिहिले. महायुद्धाने सारे जग बदलले असताना ही कादंबरी जुन्याच वळणाने जाते, असा त्या लेखाचा सूर होता. ते व्हर्जिनियाला लागले. पण तिची पुढची कादंबरी 'जेकब्ज रूम' (१९२२) तुकड्यातुकड्यांनी उभी राहिली, जुनी बांधणी टाकून. आणि होगार्थने काढलेली तिची ही पहिली मोठी कादंबरी.

'जेकब्ज रूम'वर कादंबरीकार आर्नल्ड बेनेटने १९२३ मध्ये आक्षेप घेतला, की यातली माणसे वाचकाच्या मनात टिकत नाहीत. व्हर्जिनियाने काय केले, ते सावकाश पाहण्यासारखे आहे. जूनमधल्या रोजनिशीत ती आधी स्वतःलाच विचारते, की हे खरे तर नाही? टिकाऊ वास्तव उभे करण्याचे बळ आपल्यात नसेल, ही शक्यता ती झटकून टाकत नाही. मग ती प्रश्नच उलटा धरते: माणूस खरा वाटतो म्हणजे काय, आणि कोणाला? त्यातून 'मिस्टर बेनेट अँड मिसेस ब्राउन' हा निबंध झाला, मे १९२४ मध्ये केंब्रिजला व्याख्यान झाले आणि त्याच वर्षी होगार्थची पुस्तिका निघाली. टीकाकाराला पत्र लिहून भांडण्यात जी शक्ती गेली असती, ती तिने कादंबरीच्या विचाराला दिली. आक्षेप आपल्या मनातल्या शंकेशी जुळत असेल तरच त्यावर एवढे श्रम घेणे सार्थ, असे या उदाहरणावरून म्हणता येते. लेखक विंडम लुइसने १९३४ मध्ये केलेल्या हल्ल्याला तिने असे उत्तर दिले नाही. दुखले तेवढे नोंदवले, आणि टीकेला उत्तर द्यायचे नाही, तिच्यासाठी लेखनही बदलायचे नाही, असे ठरवले.

टीका पचवण्याचा तिचा दुसरा उपाय अगदी साधा होता. परीक्षणे येण्याच्या दिवसांत तिच्या हाती पुढचे काम असे. कादंबरी आणि समीक्षालेखन ती आलटूनपालटून करी. 'द कॉमन रीडर' आणि 'मिसेस डॅलोवे' १९२५ मध्ये महिन्याभराच्या आत एकापाठोपाठ आली.

तिसरा आधार लेनर्डचा. पहिला वाचक तोच. मात्र १९३६ मध्ये 'द इयर्स'ची मुद्रिते तपासताना ती इतकी खचली, की कादंबरी मनातून तितकीशी आवडली नसतानाही त्याने ती असामान्य असल्याचे सांगितले. आत्मचरित्रात त्याने हे कबूल केले आहे. जिवाची काळजी असताना त्याने केले ते योग्यच होते. पण घरचा वाचक, प्रकाशक आणि शुश्रूषा करणारा एकच असला, की निखळ मत मिळणे अवघड होते.

बहुधा अशाच मताची गरज तिच्या 'रिव्ह्यूइंग' (१९३९) या पुस्तिकेमागे असावी. परीक्षकाने डॉक्टरसारखी फी घेऊन लेखकाशी तासभर खाजगीत बोलावे, छापील जागेत पुस्तकाचा सारांश आणि पसंती-नापसंतीची खूण एवढेच यावे, अशी तिची सूचना होती. वाचकाला पुस्तक निवडायला परीक्षण लागतेच, असा मतभेद लेनर्डने त्याच पुस्तिकेत टीप जोडून नोंदवला. वाचकापुरते त्याचे म्हणणे बरोबर आहे. छोट्या प्रकाशनाच्या लेखकाला मात्र तिने मागितलेला तो तास जास्त उपयोगी पडेल.

मार्च १९४१ मध्ये 'बिट्वीन द ॲक्ट्स' फारच किरकोळ आहे, छापू नका, असे तिने प्रेसचे भागीदार जॉन लेमन यांना कळवले. तोवर आजार पुन्हा उलटला होता आणि २८ मार्चला तिने जीवन संपवले. ही शंका आणि आधीच्या शंका एका मापाने मोजता येणार नाहीत. टीका पचवण्याच्या युक्त्या आजाराला पुरत नाहीत. तिथे उपचारच लागतात. लेनर्ड आणि लेमन दोघांनाही पुस्तक आवडले होते. होगार्थ प्रेसने ते जुलैमध्ये काढले. अखेरचा हात फिरवायचा राहिला असला, तरी तिने त्यात मोठे फेरफार केले असते असे वाटत नाही, असे लेनर्डने सुरुवातीच्या टिपेत लिहिले.