डोंगरापुढची माणसे

फान क्वान या सोंगकालीन चिनी चित्रकाराने इ. स. १००० च्या सुमारास रेशमावर शाईने काढलेले ‘डोंगर-ओढ्यांमधील प्रवासी’ हे चित्र तैपेईच्या राष्ट्रीय राजवाडा संग्रहालयात आहे. उंची सुमारे २०६ सेंटिमीटर. वरचा बहुतेक भाग एकाच कड्याने व्यापलेला. खाली उजवीकडे लादलेली खेचरे आणि त्यांना हाकणारी माणसे चटकन दिसतही नाहीत. चित्राला नाव मात्र त्या प्रवाशांचे आहे.

माणूस एवढा लहान का? ताओ विचाराच्या अंगाने पाहणारे म्हणतात, तो सृष्टीच्या असंख्य वस्तूंपैकी एक आहे आणि तिच्या प्रवाहात मिसळण्यातच त्याचे हित आहे. कन्फ्यूशियसच्या परंपरेला याच रचनेत सुव्यवस्था दिसते. पुढच्या पिढीतील चित्रकार कुओ शीने मुख्य शिखराला दरबारातल्या सम्राटाच्या जागी कल्पिले होते. डोंगर झाडाहून मोठा आणि झाड माणसाहून मोठे, हे प्रमाणही त्याने सांगितले. पण त्याचे अधिक मोलाचे म्हणणे वेगळेच आहे : ज्यात चालता येईल, पाहता येईल, हिंडता येईल आणि राहता येईल, असे निसर्गचित्र हवे. त्यातही हिंडण्या-राहण्याजोग्या चित्राला तो वरचढ मानतो.

या कसोटीवर ‘माणूस क्षुद्र आहे’ हा अर्थ तोकडा पडतो. खेचरवाले डोंगराकडे पाहून थक्क झालेले नाहीत. ते आपल्या कामाला निघाले आहेत. पाहणाऱ्याची नजर त्यांच्याच वाटेने चित्रात शिरते आणि कड्याची उंचीही त्यांच्यामुळेच कळते. निसर्गापुढे स्तब्ध उभा राहिलेला एकटा माणूस ही जर्मन चित्रकार फ्रीडरिखची, म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या युरोपची प्रतिमा. ती इथे लादू नये. १९५८ मध्ये संशोधकांना फान क्वानची सही सापडली, तीही शिखरावर नव्हे, तर या तांड्याजवळच्या पानांत.

१६७९ साली निघालेल्या ‘मोहरीच्या दाण्याएवढी बाग’ या चित्रकलेच्या पाठ्यपुस्तकात हे नाते दुहेरी केले आहे : माणूस डोंगराकडे पाहतो आहे आणि डोंगरही वाकून त्याच्याकडे पाहतो आहे, असे वाटले पाहिजे.

त्याआधी चौदाव्या शतकात, मंगोल सत्तेच्या काळात, चित्रकार नी त्सानने मात्र माणसे जवळजवळ गाळलीच. नदीकाठी उरली ती रिकामी मंडपी. त्याच्या चित्रांत अर्थ लावायचा तो या रिकाम्या जागेचा.