पायाखालची जमीन

दिवाळी आठ दिवसांवर आली की आमच्या भंडाऱ्यात घरोघर जमिनीकडे लक्ष जाते. ज्यांची ओसरी अजून मातीची आहे ते पोपडे काढून ती सारवतात, ज्यांनी फरशी घातली आहे ते ती घासूनपुसून लख्ख करतात, आणि दोघेही मग तिच्यावर रांगोळी काढून येणाऱ्याजाणाऱ्याला बजावतात, "जरा जपून पाय टाका!" अशाच एका सकाळी न्यू जर्सीहून माझ्या अकरा वर्षांच्या नातवाचा फोन आला. पडद्यावर त्याच्या आधी एक पाल दिसली.

"आजोबा, हिच्या पेटीत खाली काय घालू? वाळू छान दिसेल ना? आपल्या कारध्याच्या नदीसारखी?"

आमच्या सौभाग्यवती मागून डोकावल्या. लक्ष्मीपूजनाच्या रात्री पाल दिसली तर शुभ, असे त्या मानतात. पण ती भिंतीवर दिसावी, टेबलावर मुक्कामाला येऊ नये, असेही मानतात. त्या काही न बोलता चकल्यांकडे परतल्या. मी मात्र त्या प्रश्नात अडकलो.

ही पाल आपल्या घरच्या पालीसारखी नव्हे. पिवळसर अंगावर काळे ठिपके, म्हणून बिबट्याच्या नावाने ओळखली जाते. हिचे पूर्वज अफगाणिस्तान, पाकिस्तान आणि आपल्या वायव्येकडच्या रुक्ष, खडकाळ मुलखातले. ही स्वतः मात्र पेटीतच जन्मलेली. हिची एक चुलत बहीण आपल्या सातपुड्यात राहते. शास्त्रज्ञांनी 2014 साली तिला स्वतंत्र जात म्हणून नाव दिले. या कुळात विषाचा थेंब नाही, तरी विषारी समजून लोक त्यांना ठेचतात. रानातला प्राणी धरून पाळायचे म्हटले तर आपल्याकडे 1972 चा कायदा आडवा येतो, आणि तो आडवा येतो हेच बरे.

घरची पाल छतावर उलटी चालते. तिच्या बोटांखालच्या अतिसूक्ष्म केसांची आणि भिंतीची जवळीक रेणूंच्या क्षीण ओढीवर टिकते, हे 2002 मध्ये प्रयोगाने दिसून आले. तिला जमीन कशी आहे याची फिकीर नसते. एक पृष्ठभाग आवडला नाही तर दुसरा आहे. नातवाच्या पालीच्या बोटांना ही देणगी नाही. तिला नखे आहेत, उघडझाप करणाऱ्या पापण्या आहेत आणि जमिनीला टेकणारे पोट आहे. पोटाला जमिनीची ऊब लागली तर खाल्लेले पचते. काचेवर तिला चढता येत नाही. म्हणजे आपण खाली जे अंथरू तेच तिचे सारे जग, आणि ते बदलून मागायला तिला तोंड नाही.

आता वाळू. वैनगंगेची वाळू सुंदर आहे यात वादच नाही. तिच्यासाठी आमच्याकडे रात्रीबेरात्री ट्रॅक्टर धावतात आणि भांडणे होतात. पण पाल किड्यावर झडप घालते तेव्हा मोकळ्या वाळूचा घास त्याबरोबर पोटात जातो. तो साठला तर आतडे तुंबते. पिल्लू लहान किंवा अशक्त असेल तर धोका अधिक. चुन्याची वाळू म्हणून एक प्रकार विकतात, पोटात गेली तरी पचते असे सांगून; त्यात गंमत अशी की कॅल्शियमची भूक असलेली पाल ती चाटूनच खाते. गालिचाच्या धाग्यांत नखे अडकतात. देवदारासारख्या वासाच्या लाकडाचा भुसा तिला बाधतो. साधा कागद सर्वांत निर्धोक, रोज बदलता येतो. पण दिसतो दवाखान्यासारखा, आणि उकरायची हौस असलेल्या जिवाला त्यात काय मिळणार?

हे सगळे त्याला सांगताना मला एक जुनी गोष्ट आठवत होती, आणि ती मी त्याला सांगत नव्हतो.

आमच्या घराची माजघराची जमीन मातीची होती. आई ती शेणाने सारवी. तिची बोटे उठलेली ती वळणे मला अजून दिसतात. मी नोकरीत स्थिरावलो तेव्हा ठरवले, की आता आईचे कष्ट संपवायचे. गुळगुळीत, पांढरी, आरशासारखी फरशी घातली. पाहुणे वाहवा करीत. आई त्या फरशीवर भिंतीला हात लावून चालू लागली. मला वाटले, वय झाले. पहिल्याच पावसाळ्यात ओल्या पायाने ती घसरली आणि खुब्याचे हाड मोडले. त्यानंतर ती काठीशिवाय कधी चालली नाही. मला तिने दोष दिला नाही. "फरशी छान आहे रे," एवढेच म्हणे.

मी ती तिच्यासाठी घातली असे मी वर्षानुवर्षे सांगत आलो. खरे पाहता ती कोणासाठी होती? पेटीतली वाळू ज्याच्यासाठी असते त्याच्यासाठीच. म्हणजे बाहेरून बघणाऱ्यासाठी. प्रेम होते, नव्हते असे नाही. पण ते प्रेम उभ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवरून जमिनीकडे बघत होते.

लीळाचरित्रातल्या सशाची गोष्ट आपण शाळेत वाचलेली असते. पारध्यांच्या कुत्र्यांपुढून पळालेला ससा चक्रधरस्वामींच्या मांडीखाली शिरतो. स्वामी शरण आलेल्याला देत नाहीत, पारध्यांना समजावतात, आणि ते गेल्यावर सशाला जायला सांगतात. त्या आसऱ्याखाली काही अंथरावे लागले नाही, कारण तो घटकाभराचा होता. नातवाची गोष्ट अवघड आहे. ही पाल सोडून देणे म्हणजे दया नव्हे; न्यू जर्सीचा हिवाळा तिला दोन दिवसांत मारील. पंधरा-वीस वर्षे ती जगू शकते. तेवढी वर्षे तिची जमीन ठरवायचे काम त्याने अंगावर घेतले आहे, आणि तिला पाळूच नये होते का, हा प्रश्न त्याच्या वडिलांसाठी मी राखून ठेवला.

पुढच्या रविवारी फोन आला तेव्हा पोराने स्वतःच तोड काढली होती. पेटीच्या अर्ध्या भागात खरखरीत दगडी फरशी, खालून थोडी ऊब दिलेली. अर्ध्या भागात माती आणि थोडी वाळू कालवून, भिजवून, दाबून वाळवलेली, आमच्या ओसरीसारखी घट्ट. कोपऱ्यात ओल्या शेवाळाची डबी, कात टाकताना बोटांवरची कातडी सुटावी म्हणून. ती अडकून राहिली तर बोट गळून पडते, हे त्यानेच मला सांगितले. किडे तो आता वाटीत ठेवतो. आणि पाल कुठे बसते ते रोज रात्री वहीत लिहितो.

"तिला विचारता येत नाही ना," तो म्हणाला, "म्हणून बघून ठरवतो. आतापर्यंत चार रात्री मातीवर, दोन फरशीवर."

मग मी त्याला पणजीची गोष्ट सांगितली. तो बराच वेळ गप्प होता. पाल मातीवर पोट टेकून पडली होती, डोळे मिटून.

"पण पणजीला तर बोलता येत होतं," तो म्हणाला. "तुम्ही तिला विचारलं नव्हतं?"

"नाही," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला, आणि वहीत काहीतरी लिहू लागला.