रुमालाखाली

मामा चाळीस वर्षं सांगोल्याच्या रविवारच्या बाजारात हेडी होते, खिलार बैलांचे सौदे करायचे. दिवाळीला पुण्यात आले तेव्हा मी माझं गाऱ्हाणं त्यांच्यापुढे मांडलं. माझ्यानंतर दोन वर्षांनी कंपनीत लागलेल्या सहकाऱ्याने टपरीवर चहा पिताना आपला पगार सांगून टाकला होता. काम तेच, टीम तीच. त्याला वर्षाला 11 लाख 40 हजार, मला 9 लाख.

"मग माग की वाढवून."

"त्याचा आकडा काढला तर तो अडकतो. पगार कुणाला सांगायचा नाही, असं नेमणूकपत्रातच आहे."

"नऊ लाखांतले हातात किती येतात?"

"महिन्याला 64 हजार. पीएफचा कंपनीचा वाटा, ग्रॅच्युइटी, सगळं त्या नऊ लाखांतच धरतात."

"म्हणजे बैलाच्या किमतीत दावं, वेसण, झूल!" मामा खूश झाले. खांद्यावरचा टॉवेल माझ्या हातावर टाकून त्यांनी आतून माझी तीन बोटं दाबली. "आता हे तीन हजार का तीस, ते जनावर बघून कळतं. भोवती शंभर माणसं असली तरी रुमालाखालचा भाव दोघांतच."

"एवढं लपवायचं कशाला?"

"आम्ही म्हणायचो, शेतकऱ्याची लाज राहावी म्हणून. नड होती म्हणून पडेल भावात विकला, हे गावाला कळू नये." मामा जरा थांबले. "खरं म्हणजे रुमाल आमच्या सोयीचा. मी दिवसाला वीस हात दाबायचो, शेतकरी पाच वर्षांतून एकदा. मला सगळ्यांचे भाव ठाऊक, त्याला फक्त स्वतःचा."

"मग ओढूनच काढते रुमाल."

"दुसऱ्याच्या हातावरचा? त्यानं विश्वासानं दाखवलाय. आणि उपयोग काय? 'शेजाऱ्याला जास्त दिलेत' म्हणणाऱ्याला मी कधी भ्यालो नाही. त्याचा बैल वेगळा, म्हटलं की मी मोकळा. भ्यायचो ते दावं धरून 'याखाली नाही' म्हणत गप्प उभा राहणाऱ्याला."

"तो बैल घरी परत न्यायला तयार असतो, मामा."

"तिथंच तर गोम आहे. तू आहेस तयार?"

फ्लॅटचा हप्ता, नव्वद दिवसांची नोटीस. मी विषय बदलला, म्हणजे वाद वाढवला. "पण प्रत्येकानं आपापलं दावं धरलं, तर रुमाल तसाच राहणार. उद्या कुणी माझ्यानंतर येईल, तिला मी माझा पगार सांगायचा की नाही?"

"ज्वारीला बाजार समितीत उघडा लिलाव आला, तो एकट्यादुकट्या शेतकऱ्याच्या अडून बसण्यानं नाही आला, हे खरं," मामा म्हणाले. हे त्यांनी सहज कबूल केलं, याचं मला नवल वाटलं. "पण त्या पोराला विचारलंस का, तुझा आकडा काढू का म्हणून?"

विचारलं नव्हतं. त्याला जपतेय, एवढंच स्वतःला सांगत होते.

"तो हो म्हणाला तर?" मामांनी विचारलं.

टॉवेल अजून माझ्याच हातावर होता.